चिमाजीआप्पांची पारख आणि फुकटचं कार्ड

मखमलाबादच्या चिमाजीआप्पांना आयुष्यात कोणी फसवू शकलं नाही. कारण सोपं आहे. त्यांनी सहसा काही विकतच घेतलं नाही. सायकल घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी शेजारच्या रावजींची सायकल पारखायला म्हणून नेली, आणि रावजींनी स्वतःसाठी दुसरी घेईपर्यंत ते ती पारखत राहिले.

आप्पांची झेंडूची शेती. फुलं ते नाशिकच्या फुलबाजारात स्वतः विकत. तराजूत फुलं किंचित कमी टाकायची, काटा स्थिर व्हायच्या आत पारडं उचलायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उदार हाताने वरून एक मूठ सोडायची. गिऱ्हाईक मूठ बघतं, माप बघत नाही. या तत्त्वज्ञानावर आप्पांचं घर उभं होतं. त्यामुळे जगात जिथे कुठे वरची मूठ दिसेल तिथे खाली माप मारलेलं असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

सत्त्याण्णव साली त्यांच्या पत्नीने, लंकाबाईंनी, कपडे धुण्याच्या मशीनचा विषय काढला. दिवसभर फुलं तोडायची आणि मग मातीने माखलेले कपडे दगडावर आपटायचे, यात त्यांची बोटं आखडू लागली होती. सकाळी वेणी घालायलाही सून लागे. आप्पांनी नकार दिला नाही. नकार ते कधीच देत नसत. ‘‘घेऊ की. पण पारखून घेऊ,’’ म्हणाले. ही पारख दोन हजार पाचपर्यंत चालली. मधल्या काळात मशीन बनवणारी एक कंपनीच बुडाली, तेव्हा आप्पांनी ते स्वतःच्या दूरदृष्टीचं उदाहरण म्हणून पारावर सांगितलं.

अशात आप्पांच्या बँकेने क्रेडिट कार्ड काढलं. बँक अशी, की जिल्ह्याबाहेर तिचं नाव सांगितलं तर लोक ‘पतसंस्था का?’ असं विचारत. पण कार्ड थेट मुंबईच्या तोडीचं होतं. वार्षिक फी नाही, आणि शंभराच्या खरेदीवर रुपया परत. शाखेतला ललित नावाचा टायवाला मुलगा ते समजावून सांगत होता.

‘‘फी नाय म्हणजे कधीच नाय?’’

‘‘आयुष्यभर नाही, आप्पा.’’

‘‘कोणाच्या आयुष्यभर? माझ्या का बँकेच्या?’’

ललित हसला. आप्पा हसले नाहीत.

‘‘रुपया परत देता, मग आधी माप कुठं मारता तेवढं सांग.’’

‘‘आम्हाला दुकानदाराकडून मिळतं, आप्पा. तुम्ही फक्त बिल वेळेवर भरा. तुमचं काही जात नाही.’’

‘‘झेंडू विकताना मी पण हेच सांगतो.’’

तरी आप्पांनी सही केली. पत्नीच्या नावाने एक पुरवणी कार्ड फुकट आहे असं कळल्यावर तेही घेतलं. घरी येऊन ते लंकाबाईंच्या हातात ठेवलं. ‘‘हे नुसतं ठेवायचं, वापरायचं नाय. मशीन माझ्या कार्डावर घेऊ. पण आधी कार्ड पारखू दे.’’

लंकाबाईंनी कार्ड कुंकवाच्या डबीखाली ठेवून दिलं. मशीनच्या आधी पारखायला आता आणखी एक वस्तू आली होती, एवढंच त्यांना कळलं.

पारखीसाठी आप्पांनी कॉलेज रोडच्या मोठ्या दुकानातून कार्डावर काय घ्यावं? धुण्याचा साबण. नासत नाही, म्हणून. दुसऱ्या दिवशी स्कूटरला किक मारून ते बिल भरायला शाखेत हजर.

‘‘आप्पा, बिल अजून तयारच झालेलं नाही.’’

‘‘मग मी बसतो.’’

असं दर महिन्याला चाललं. साबण येई, बिल येई, परतीचे पैसेही बिनचूक जमा होत. या फेऱ्यांत जेवढं पेट्रोल जळलं, तेवढे मात्र ते कधी झाले नाहीत. पण पेट्रोल हा पारखीचा खर्च, तो आप्पा धरत नसत. हिशेबात चूक सापडत नव्हती. त्यावरून ती फार मोठी असणार, अशी त्यांची खात्री पटत चालली. कोठीत साबणाच्या वड्यांची भिंत उभी राहिली. त्या वड्या लंकाबाई दगडावर झिजवत होत्या.

दसरा आला. वर्षाच्या सगळ्या मुठी वसूल करण्याचा हा दिवस, म्हणून आप्पा पहाटेच फुलबाजारात गेले. लंकाबाईंनी कुंकवाची डबी उचलली, सून हर्षालीला बरोबर घेतलं आणि रिक्षा करून मेन रोडवरचं दुकान गाठलं.

‘‘मावशी, कार्डावर दोन टक्के जास्त पडतील,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘पडू द्या. वर काय टाकता?’’

‘‘वर?’’

‘‘फुलवाल्याची बायको हाय मी. वरची मूठ घेतल्याबगर उठत नाय.’’

दुकानदाराने दोन टक्के सोडले, शिवाय मशीनवर घालायचं कव्हर दिलं. लंकाबाईंनी पावतीवर सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली.

संध्याकाळी आप्पा परतले तर मोरीशेजारी मशीन उभं, त्याला झेंडूचं तोरण.

‘‘हे कोणी पारखलं?’’

‘‘मी.’’

‘‘काय पारखलं?’’

‘‘बटन दाबलं. फिरलं.’’

‘‘अन् कार्ड? कार्ड तर माझ्या कपाटात हाय!’’

‘‘तुमचं तुमच्या कपाटात. माझं फुकटचं होतं. नुसतं ठेवून बुरशी आली असती.’’

आप्पांनी मशीनभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘‘परतीचे पैसे कोणाच्या खात्यात?’’

‘‘तुमच्या.’’

आप्पांनी मशीनवरचं तोरण सरळ केलं.

पुढच्याच महिन्यात बँकेचं पत्र आलं. ग्राहकांच्या सोयीसाठी परतीची योजना बंद करण्यात येत आहे. आप्पांचा चेहरा दसऱ्याला उजळला नव्हता एवढा उजळला. ‘‘म्हणलं नव्हतं? मारलं माप!’’ असं ते गावभर सांगत फिरले.

‘‘मग कार्ड परत करून टाका ना,’’ रावजी म्हणाले.

‘‘कशाला? फी नाय.’’

हल्ली मशीन सुरू झालं, की आप्पा स्टूल टाकून त्याच्यासमोर बसतात, कपडे वाळत घालायची वेळ होईपर्यंत. अजून पारख चालू आहे. साबणाच्या वड्या मशीनला चालत नाहीत, म्हणून त्या ते बाजारात विकतात, आणि डझनावर एक वडी वरून देतात.

लंकाबाई तेवढ्या वेळात आत आरशासमोर बसून स्वतःची वेणी स्वतः घालतात.