आईचा गणपती आणि डावखुरा शिपाई

गेल्या शनिवारी इथे नायमेखन या डच शहरात आईने स्वतःच्या हाताने एक गणपती कोरला... आणि लगेच त्याला घाबरली.

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलीय. मी दिवसभर ऑफिसात, ती दिवसभर खिडकीत. गल्लीतल्या सगळ्या सायकली तोंडपाठ झाल्या, तेव्हा मी एका जुन्या छापखान्यातल्या वुडकट वर्कशॉपला तिचं नाव घातलं.

शिकवणाऱ्या मरायकेबाईंनी आधी पाचशे वर्षं जुन्या पुस्तकातलं एक पान दाखवलं. तेव्हा चित्रं लाकडात कोरायचे, वर शाई फिरवायची, कागद दाबायचा. त्या पानावरचा शिपाई डाव्या हाताने तलवार चालवत होता, कारण छापल्यावर सगळं उलटं उमटतं हे कोरणारा विसरला होता.

आई मनापासून हसली. "इतकं साधं कळू नये मेल्याला?" मी मरायकेबाईंना इंग्रजीत सांगताना बरंच सौम्य केलं.

मग तिने कोरणी घेतली. आयुष्यभर रांगोळीत काढलेला गणपती, हात कुठे अडतोय! दोन तास मान वर नाही... आल्यापासून पहिल्यांदाच तिने मला किती वाजले ते विचारलं नाही.

मरायकेबाईंनी कागद उचलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आईचा चेहरा पडला. डाव्या सोंडेचा गणपती कागदावर उजव्या सोंडेचा झाला होता. म्हणजे कडक... सोवळं, नैवेद्य, सगळं जिथल्या तिथे.

"हा मी घरी नेणार नाही बाई."

"अगं आई, कागद आहे तो!" म्हटलं आणि जीभ चावली. दोन तास उजळलेला तो चेहरा माझ्यासमोर पुन्हा खिडकीतल्यासारखा झाला होता.

आईने ते कोरलेलं लाकूड उचललं आणि सोंडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लाकडातला डाव्या सोंडेचाच आहे ना? हा ठोकळा मी देवघरात ठेवीन. कागद तुला."

"आणि त्याचं कडक सगळं कोण पाळणार?"

"तूच. तुला कुणाचा तरी धाक हवाच आहे."

तर सध्या तो आमच्या फ्रिजवर आहे. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही... पण काल ओट्याशी उभ्या उभ्या थंड ब्रेड खाताना त्याच्याकडे लक्ष गेलं, आणि मुकाट्याने ताट घेऊन आईशेजारी जाऊन बसले.