कन्हानला पाहिलेला खटला

कामठी रस्त्यावर बस लागली, तेव्हा माझा तळहात दही-साखरेने अजून चिकट होता. मुलाखतीला निघालो म्हणून सुमनने, माझ्या बायकोने, ती हातावर ठेवली होती. कारखान्याची सुटी सोमवारी, म्हणून मुलाखत रविवारीच, अकराची; मी उजाडताच निघालो. "कन्हानचा कारखाना शोधावा लागेल," म्हणालो. आता खरं सांगतो, मला कन्हानला जाऊन रविवारची मालिका पाहायची होती.

गांधीबागेतल्या कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. धाकट्या शेठने कारभार घेतला, गाद्या उचलून टेबलं मांडली आणि आम्हां जुन्या मुनिमांना घरी बसवलं. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी नेहमीसारखा शेजारच्या वानखेड्यांकडे टीव्ही पाहायला गेलो. ऐन प्रसंगात ते म्हणाले, "का गा भाऊ, लागली का नोकरी कुठी?" सगळी गल्ली टीव्ही सोडून माझ्याकडे पाहू लागली. पुन्हा गेलो नाही. सासरच्यांनी हिसकावलेल्या घरासाठी कोर्टात उभी राहिलेली राधाबाई, ती माझी मालिका. पण बिनकामाच्या माणसाने ती पाहायची कोणत्या तोंडाने?

कामठी मागे पडली. पुलाखाली कन्हान नदी रुंद वाळूत पसरलेली, मधे पाण्याची एक पट्टी आणि तीत म्हशी. पलीकडे कोळशाचे ट्रक आणि त्यांच्या धुळीने काळवंडलेले कडुनिंब. स्टँडवर तर्री-पोहे (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) घेतले. चव फर्मास, पण पहिलाच घास निसटला आणि पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ आला.

छपरांवरचे अँटेना पाहत एका गल्लीत शिरलो. एका ओसरीवर टीव्ही मांडलेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर सतरंजीवर शेजारपाजार. घरची बाई, शेवंताबाई, म्हणाली, "या न भाऊ. चपला तिकडे काढा. अन् हे काय, रंग खेळून आले का?"

तिने ओलं फडकं दिलं. डाग गुलाबी होऊन आणखी पसरला. खाणीत काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याने विचारलं, "पावने कुठचे? काय करता?"

इतके दिवस स्वतःहून कोणालाही न सांगितलेलं तोंडून निघून गेलं. "नोकरी गेली माही. शोधून राहिलो."

सतरंजीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठायच्या बेतात होतो.

"बसा चुपचाप," शेवंताबाई म्हणाली. "नोकरी गेली न, डोये (डोळे) तर नाही गेले? सरक वं जरा, त्याईले दिसू दे."

राधाबाई साक्षीला उभी राहिली. वकिलाने तिला घेरलं, तिने डाव त्याच्यावरच उलटवला, आणि मी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

अकराला कारखान्यातल्या साहेबांची नजर शर्टावरून हलेना. "इतके महिने घरी काय केलंत? टीव्ही पाहिला?" ते हसले.

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मीही हसून मान खाली घातली असती. "हो साहेब. आत्ताच पाहून आलो."

"मुलाखतीच्या दिवशी?"

"नोकरी गेली आहे. डोळे शाबूत आहेत."

"कळवू," ते म्हणाले. ते काय कळवणार, हे मला तिथेच कळलं.

परतीच्या बसने घरी आलो. आमच्या घरात आता किती दिवसांचे पैसे उरले होते, हे सुमन जाणत होती. दारातच तिला सगळं सांगितलं; लवकर निघालो होतो कशासाठी, तेही. ती शर्टाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "राधाबाईची साक्ष झाली का?"

"तू वानखेड्यांकडे पाहिली नाहीस?"

"मी तरी कुठी जाते? मलेही विचारतेत न त्या बाया."

माझी मान खाली गेली होती, तशीच हिचीही जात होती, आणि मला पत्ता नव्हता. दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, उंबऱ्यावर बसलो आणि वकिलाचा आवाज काढून तिला सगळा खटला सांगितला. वानखेडे गच्चीवरून वाकून पाहू लागले. मी आवाज आणखी चढवला. सुमन खळखळून हसली, भर दुपारी, गल्लीदेखत. नोकरी उद्या पुन्हा शोधायचीच होती. चोरासारखं तोंड लपवून मात्र नाही.