अण्णांच्या फोटोतलं उसनं अंग

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी त्यांच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याच माणसाचं अंग लावलं. चूक पूर्णपणे माझी आहे. कॉम्प्युटरला मी दोष देत नाही. 'बदल जतन करायचे का?' असं तो बिचारा दरवेळी विचारत होता, आणि दरवेळी मीच 'हो' म्हणत होतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गेल्यावर काही महिन्यांनी आईनं एकदा रिकाम्या भिंतीकडं बघत विचारलं, "आमचा दोघांचा एक फोटू असंल का रे कुठं?"

नव्हता. लग्नात फोटो काढणारा आला नव्हता आणि नंतर कुणाला सुचलं नव्हतं. अण्णांचा म्हणून जो एकमेव नीट फोटो होता, तो बँकेच्या पासबुकावरचा. त्यात ते कुणीतरी पकडून आणल्यासारखे दिसत होते.

"तालुक्याला जोडून देत्यात म्हणं," आई म्हणाली. "गेलेल्या माणसाला शेजारी बसिवत्यात."

देतात. कोणत्याही स्टुडिओत चहा पिऊन होईपर्यंत काम झालं असतं. पण मी शाळेतला कारकून, माझ्याकडं लॅपटॉप! मी म्हणालो, "बाहिर कशाला? म्या करतो की!" (असं बोलताना माझी छाती पुढं येते. तेव्हाच कुणीतरी ती मागं ढकलायला पाहिजे.)

मग मी नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ बघायला बसलो. फोटोवर फोटो ठेवायचे, थरावर थर. आईच्या वाकळेसारखंच. खाली जुनी लुगडी, वर नवं कापड. वरचा थर पातळ केला की खालचं दिसायला लागतं, आणि कडा मऊ केल्या की शिवण दिसत नाही. किती सोपं! पहिल्या प्रयत्नात अण्णा इतके पातळ झाले की त्यांच्या कपाळातून मागच्या खुंटीवरची पिशवी दिसू लागली. दुसऱ्या प्रयत्नात कडा इतक्या मऊ झाल्या की दोन्ही कान हवेत विरघळले. मग मी रंग मिसळायचे प्रकार लावून बघितले. एकात अण्णा निळे झाले, दुसऱ्यात काळेठिक्कर. तिसऱ्यात आई गोरीपान झाली आणि अण्णा दिसायचेच बंद झाले.

चेहरा कसाबसा जमला. पण पासबुकावरचा फोटो कॉलरपाशी संपतो. अंग आणायचं कुठून?

तेव्हा मला नामाकाका आठवले. अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ, तोच बांधा, तेच खांदे. मुलीच्या लग्नातला त्यांचा एक झकास फोटो चुलतबहिणीनं स्टेटसला ठेवला होता. खुर्चीत ताठ बसलेले, पांढरंशुभ्र धोतर, कोट, हात मांडीवर. अडचण एकच होती. अण्णा आणि काका एकमेकांशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. कडबा कापायच्या मशीनमध्ये काका वैरण सरकवत होते आणि अण्णांनी बटण दाबलं. काकांचं एक बोट अर्धं गेलं.

"तिथं हात कावून ठिवला?" असं अण्णा म्हणायचे.

"बटन कावून दाबलं?" असं काका म्हणायचे.

यापुढं ते भांडण कधी सरकलंच नाही. मी विचार केला, भांडण माणसांचं आहे, धोतराचं थोडंच आहे!

सगळ्यात खाली ओट्यावर बसलेल्या आईचा फोटो, त्यावर काका, त्यावर अण्णांचा चेहरा. काकांचं डोकं कापायला मात्र माझा हात धजेना. जिवंत माणूस! म्हणून अण्णांचाच चेहरा जरा मोठा करून त्यावर झाकणासारखा ठेवला. गळ्याच्या जोडावर उपरणं टाकलं. त्या गळ्यासाठी मी डोळे फोडले. गळ्याच्या खाली काय आहे, हे एकदाही बघितलं नाही.

वर्षश्राद्धाला दारात मांडव, भजनी मंडळ, पाहुणे. सख्ख्या भावाचं वर्षश्राद्ध, म्हणून इतक्या वर्षांनी नामाकाकाही गोदाकाकूंसह आमच्या दारात आले. मी मोठ्या फ्रेमवरचा कपडा ओढला आणि हार घातला. लोकांनी हात जोडले. आई पुढं झाली, पदरानं काच पुसू लागली. आधी अण्णांचा चेहरा, मग खांदा, मग हात. तिथं पदर थांबला.

"हे बोट," आई म्हणाली.

मी बघितलं. मांडीवर काकांचं अर्धं बोट! ज्या बोटापायी दोन भाऊ बोलेनासे झाले, ते मी अण्णांच्याच हाताला लावून दिलं होतं!

"अगं बया!" गोदाकाकू किंचाळल्या. "हे तर आमचे हाईत! जित्त्या माणसाला हार घातला की ह्यानं!"

काका उठून फ्रेमपाशी आले. एकदा फोटोतला हात बघितला, एकदा स्वतःचा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आधी बोट नेलं. आता ऱ्हायलेलं अंग बी नेलं व्हय रं तुझ्या बापानं?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. पखवाजवाला पखवाजावर डोकं टेकून हसत होता.

"काढ तो हार!" काकू रडकुंडीला आल्या होत्या. "आन् माझ्या मालकाला तिथून काढ!"

"काढतो काकू! एका मिन्टात!" मी धावत लॅपटॉप आणला आणि सगळ्यांदेखत उघडला. काकांचा थर लपवायचा होता. घाईत लपवला सगळ्यात वरचा. अण्णा गेले. त्यांच्या जागी, आईच्या शेजारी, नामाकाका प्रकट झाले. सगळे दात दाखवून हसत!

काकू मटकन खाली बसल्या.

"परत झाक बे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मी झाकलं आणि घाबरून आणखी एक बटण दाबलं. आता आईच गेली आणि एका कोटात दोघं भाऊ उरले.

शेवटी काकांनीच पुढं होऊन लॅपटॉप मिटला. "वयनी, पंगत बसवा," ते आईला म्हणाले. "पोट तेवढं आजून माझ्याकडं हाय."

ते पोटभर जेवले. आई मात्र जेवली नाही.

पाहुणे पांगल्यावर मी घरात गेलो. फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवलेली होती आणि आई तिच्या शेजारी बसली होती.

"आई, मी दुसरं अंग बघतो. चांगलं बघतो."

"नगं."

"मग स्टुडिओत देतो."

"नगं म्हणलं ना. त्यायचं तोंड, अंग नामाभाऊजीचं. म्या कुनाच्या शेजारी बसले रे?"

मग ती म्हणाली, "तुझ्या मोबाईलमधी रोज काय काय काढतूस, दाव बरं."

मी दाखवू लागलो. माझी मोटारसायकल, समोरून आणि बाजूनं. शाळेच्या सहलीत मी. हुरड्याच्या आगटीपाशी मी. शेळीची पिल्लं, चार कोनांतून. एका फोटोत अण्णा होते, पाठमोरे, म्हशीमागं निघालेले, कारण फोटो म्हशीचा होता. दुसऱ्या एकात आईचं कोपर आलं होतं. दोघं एका फोटोत आहेत का, हे बघायला मी वर सरकवत राहिलो, सरकवत राहिलो.

"माफ कर आई," मी म्हणालो. "अण्णा व्हते तवा म्या एकदा बी म्हणलो न्हाई, की दोघं शेजारी बसा."

"म्हणला असतास तर उठून गोठ्यात गेले असते," आई म्हणाली. तिला जरा हसू आलं आणि लगेच गेलं. "पर म्हणायला पायजे व्हतं रे."

मग मी पुन्हा माफी मागितली. या खेपेला मोबाईल खाली ठेवून.