श्री नसलेली पत्रं

सहा आठवडे झाले, मस्कतहून ऋताची एक ओळ नव्हती. इंदू कॅलेंडरवर दिवस मोजत होती.

लेक गप्प बसणारी नव्हतीच. मुन्शी घाटामागच्या गल्लीत वाढलेली, नावाड्यांशी हुज्जत घालणारी. शाळेत हिंदी, घरात मराठी, भांडताना दोन्ही. “आई, हद करतेस तू!” हे तिचं पालुपद. पण वडिलांचा एक नियम तिने कधी मोडला नाही. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ हवाच. अशुभाच्या पत्रालाच तो नसतो. सहलीहून पाठवलेल्या कार्डावरही तिचा श्री असे. लग्नानंतर मस्कतहून ई-मेल लिहू लागली, तेव्हा विषयाच्या जागी इंग्रजी अक्षरांत तोच.

तिचे वडील नीलकंठराव विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटर घेतला तेव्हाच वाद झाला होता. इंदू म्हणे, गोदौलियाच्या बाजारातल्या सायबर कॅफेत वेबसाइटवर जाऊन पत्रं वाचू, सोपं पडेल.

“लेकीचं पत्र परक्याच्या दुकानात वाचायचं? ते घरात राहायला हवं,” असं म्हणून त्यांनी घरीच ई-मेलचा प्रोग्राम बसवला. तो फोनच्या तारेवरून सगळी डाक ओढून आणी. जुनी सवय जाते कुठे? त्यांनी वर्गवारीही लावली: विषयात श्री असेल ते ‘घर’ कप्प्यात, बाकीचं ‘किरकोळ’मध्ये. किरकोळ म्हणजे जाहिरातींचा उकिरडा. तो कप्पा ते उघडतही नसत.

‘घर’ रिकामं दिसलं की म्हणत, “रमली असेल संसारात. उगाच परदेशी फोन कशाला?”

इंदूला राहवेना. भाजीच्या निमित्ताने ती रोज कॅफेत जाऊन मेलबॉक्स बघे. तोही रिकामा. आज कॅफेवाला बिंदुमाधव हसला. “काकू, रोज खाली डब्बा काय बघता? घरचं मशीन सगळं खेचून नेतंय. इथे काय प्रसाद उरणार?”

भाजी न घेताच ती घरी आली आणि तिने ‘किरकोळ’ उघडलं. जाहिरातींच्या गर्दीत ऋताची तीन पत्रं होती. तिन्हींची विषयाची जागा कोरी.

पहिल्यात होतं, पासपोर्ट नवऱ्याने कुलपात ठेवला आहे. दुसऱ्यात, काल पुन्हा मारलं. सकाळी दहानंतर फोन करा, तेव्हा तो ऑफिसात असतो. तिसरं नऊ दिवसांपूर्वीचं. “बाबा, उत्तर नाही, म्हणजे सहन करून नांदावं हेच तुमचं म्हणणं. समजले. आता लिहिणार नाही.”

नीलकंठराव मागे येऊन उभे होते. “श्री का नाही घातला तिने?”

“अहो, तुम्हीच शिकवलंत ना? अशुभाला घालत नाहीत.”

ते खुर्चीत बसले. म्हणाले, “एकदम फोन नको. आधी जावयांना विचारू, त्यांचीही बाजू...”

“त्याचीच बाजू ऐकतेय ती रोज.”

घड्याळात पावणेबारा. मस्कतला सव्वादहा. जावई ऑफिसात असणार. पण नऊ दिवसांत तिकडे काय झालं असेल, कोण जाणे.

घरात फोनची तार एकच, आणि ती कॉम्प्युटरला लावलेली. इंदूने ती उपटून फोनला जोडली.

“इंदू, थांब जरा.”

तिने रिसीव्हर उचलला.