सुलभाचं पुढे काय होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय — एक कादंबरी मी पूर्ण वाचली नव्हती, एवढंच. असंच मी मनाशी म्हणत आले.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीत मी तेव्हा ऑफिसात होते. माधुरी लॅबमध्ये होती. माझ्याहून बरीच लहान. पोलादपूरच्या वर डोंगरात तिची वाडी, घरी एकटी आई. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी कँटीनच्या खिडकीशी बसायचो. ऑफिसात वाचणारी म्हणून माझं नाव होतं, आणि मला ते आवडायचं. एकच कादंबरी दोघींनी एका वेळी वाचायची आणि रोज डबा खाताना बोलायचं, ही कल्पना माझीच. मी वाचनालयातून आणली, तिने विकत घेतली.

जाडजूड कादंबरी. गावातली सुलभा म्हाताऱ्या आईला मागे ठेवून लांबच्या शहरात नर्स व्हायला निघते, तिची गोष्ट. सुरुवातीचे दिवस छान गेले. मग मला कंटाळा आला. खरंच, दुसरं काही कारण नव्हतं. घरी टीव्ही लागायचा, मी फोन बघत पडायचे, पुस्तक उशाशी तसंच. पण माधुरीला कसं सांगणार? वाचणारी मी ना!

मग मी युक्ती केली. आधी तिला बोलू द्यायचं. तिचीच वाक्यं जरा फिरवून परत तिला द्यायची. "पुढे बघ गं, अजून खूप आहे," असं गूढ हसून म्हणायचं. ती भारावून बोलायची. "ताई, ती आईला न सांगता फॉर्म भरते ना, तिथं मला रडायलाच आलं." मी मान हलवायचे. ती सुलभाबद्दल बोलत नाहीये, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तिच्या जुन्या साहेबांनी तिला हैदराबादच्या मोठ्या लॅबमध्ये बोलावलं होतं. आईला कसं सोडायचं, म्हणून तिने उत्तर दिलं नव्हतं.

एक दिवस, बोलणं टाळायला, मी म्हणून गेले — माझी वाचून झाली.

तिने डबा बाजूला सरकवला. "शेवट नका सांगू. एवढंच सांगा, ती गेली ते बरं झालं का?"

मी मोकळेपणाने सांगू शकले असते, की अगं, मी अर्धीसुद्धा वाचलेली नाही. हसली असती ती. किंवा म्हणता आलं असतं, तूच वाच. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं, माहीत आहे? माधुरी गेली तर या खिडकीशी मी एकटी बसणार. कुणाशी बोलणार?

"नाही गं," मी म्हणाले. "पस्तावते बिचारी. आई जाते, आणि ही वेळेवर पोचत नाही."

कुठून आलं हे? मलाही ठाऊक नाही. इतकं सहज आलं.

माधुरीने डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "मग मी नाय वाचत पुढं. तिचं असं झालेलं माझ्याच्यानं वाचवायचं नाय." त्याच आठवड्यात तिने हैदराबादला नकार कळवला. आम्ही खिडकीशी बसत राहिलो. कादंबरीचा विषय परत निघाला नाही.

मी ती पुढे वाचली. भीतीने वाचली, एका रविवारी, सलग. सुलभा पस्तावत नाही. आईच एक दिवस पिशवी घेऊन तिच्या खोलीवर येते, आणि तिथेच राहते. मी दुसऱ्या दिवशी सांगू शकले असते. त्यानंतरही कितीतरी दिवस. साहेबांनी तोवर जागा भरली नव्हती.

नंतर कंपनीने लॅब बंद केली. माधुरी वाडीवर गेली, मग तिची आई वारली. हे सगळं मला कुणाकुणाकडून कळत होतं. मी फोन केला नाही.

परवा पोलादपूरला नात्यातल्या लग्नाला गेले होते. डोकं दुखत होतं म्हणून औषधाच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागे माधुरी. केस पिकायला लागलेले. तिला इतका आनंद झाला की तिने स्टूल पुसून मला बसवलं, चहा मागवला.

"ताई, तुम्ही तेव्हा सांगितलंत म्हणून बरं झालं. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू — ऐकून मला हायसं वाटलं. क्षणभर वाटलं, झालं ते चांगलंच झालं की. मग तिने मालकाच्या हाकेला "हाय, हाय, आले" म्हणत गोळ्यांचा खोका खाली ठेवला, आणि माझ्याकडे वळून हसली.

"ताई, आता तरी सांगा. आई गेल्यावर सुलभा काय करते? तिथंच राहते?"

तेव्हा मी वाचलेलं नव्हतं. आता वाचलेलं होतं. मालक मागच्या खोलीत होता, दुकानात तिसरं कुणी ऐकणारं नव्हतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"परत येते," मी म्हणाले. "गावी येते कायमची."

"येणारच," माधुरी म्हणाली, आणि माझ्या गोळ्या पाकिटात घालून दिल्या.