पिकपचे टायर कुणी निवडले

आमच्या दूध सोसायटीची पिकप सलग सहा पावसाळे नसरापूरला वेळेवर पोचली, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. वेल्ह्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात किती आलं ते कळेल. गाडी वेळेवर पोचायची ती तिच्या टायरांमुळे, आणि ते टायर मी निवडले असं सगळे मानत आले. मीही मानू दिलं. ते मी निवडले नव्हते. ज्यांनी निवडले त्यांच्याविषयी मी एकदा भर सभेत खोटं बोललो होतो. आता ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा झालं तसं लिहितो.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक पास, सोसायटीचा सेक्रेटरी. चेअरमन गावातले एक जाणते शेतकरी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. सोसायटीनं जीपच्या बांध्याची एक जुनी पिकप घेतली. मागं उघडा हौदा, त्यात दुधाचे कॅन. ड्रायव्हर मिळाले ते गावच्याच बौद्धवाडीतले. फौजेत असताना त्यांनी आसामच्या डोंगरांत ट्रक चालवला होता. फौजेतून आलेल्याला आमच्याकडं मेजर म्हणतात, हुद्दा काही का असेना. तसे तेही मेजर झाले.

काही सभासदांना त्यांचा हात कॅनला लागलेला चालत नव्हता. तोंडावर कुणी बोललं नाही, पण कॅन चढवायला-उतरवायला वेगळा माणूस ठेवला, आणि मेजरांनी फक्त गाडी चालवायची असं ठरलं. ते ठरलं तेव्हा मी तिथंच बसलो होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

गावापासून दोन मैल कच्ची वाट. पावसाळ्यात तिच्यावर पोटरीभर चिखल. तिथून पुढं नसरापूरपर्यंत सोळा-सतरा मैल डांबर. नसरापूरला पुण्याला जाणारा ट्रक उभा असायचा. तो साडेआठला हलायचा. तो चुकला की सगळ्या गावाचं दूध माघारी यायचं आणि येईपर्यंत नासायचं.

पिकपचे जुने टायर गुळगुळीत झाले होते. पावसाळ्याआधी चार नवे घ्यायला आबा, मी आणि मेजर पुण्याला गेलो. दुकानदारानं तीन तऱ्हा पुढं मांडल्या. एक सरळ रेघांचा, नुसत्या डांबरासाठी. दुसरा लग, म्हणजे रबराचे जाड गुट्टे आणि मधे खोल खाचा असलेला, शेतात आणि रानात चालणारा. तिसरा या दोहोंच्या मधला, मध्यभागी रेघा आणि कडेला गुट्टे. त्याला तो सेमी-लग म्हणाला.

आबांनी लग टायरच्या खाचेत बोटं घातली. बाजारात बैलाचा खूर बघावा तसा तो टायर त्यांनी सगळीकडून बघितला.

"ह्यो चिखलात बसायचा न्हाई," ते म्हणाले.

मलाही तोच आवडला होता. दिसायलाच जबरदस्त होता. मेजर इतका वेळ दारात उभे होते. ते आत आले आणि सेमी-लगवर तळहात दाबून म्हणाले, "आबा, ह्यो मधला घ्या."

"का रं? ह्येला तर दातच न्हाईत."

"चिखल दोन मैलाचा. तिथं मी चाकाला साखळी बांधीन. डांबर सतरा मैल हाय. डांबराला काय बांधायचं?"

दुकानदार हसला. "ड्रायव्हर हुशार आहे हो तुमचा," तो माझ्याकडं बघून म्हणाला.

ते हसणं मला बोचलं. शिकलेला मी, सेक्रेटरी मी, आणि दुकानात शहाणपण ड्रायव्हरचं. मी म्हणालो, "मेजर, तुम्ही गाडी चालवा. टायरचं आम्ही बघतो."

"बगा," मेजर म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आम्ही चारही लग घेतले. गाव बघायला लोटलं. डांबरावर गाडी लागली की भुंग्यासारखा घूं आवाज यायचा, आणि अर्धा मैल लांबून बाया म्हणायच्या, आली आपली गाडी. कच्च्या वाटेवरचा चिखल ते टायर खरोखर उकरून काढत. मी मिशांवर ताव देत फिरत होतो.

श्रावणातली गोष्ट. रस्त्यावर भुरभुर होती. सोसायटीच्या कामासाठी मला नसरापूरला जायचं होतं, म्हणून मी मेजरांच्या शेजारी बसलो होतो. नसरापूरच्या अलीकडं एक उतार आहे, त्याच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. मेजरांनी बऱ्याच अंतरावरून, हलकेच ब्रेक लावला. वेगाचा काटा माझ्या डोळ्यांसमोर होता, पंचवीसवर. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. गुट्ट्यांची नुसती टोकं रस्त्याला टेकलेली, ओल्या डांबरावर त्यांना पकड नव्हती; ती सरळ घसरत गेली आणि कडेच्या चरात कलंडली. कॅन उलटले. चरातून दूध पांढरंशुभ्र वाहत होतं. मेजरांचं मनगट मोडलं होतं, तरी त्यांनी आधी मला विचारलं, "लागलं का कुठं?" मला खरचटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मेजर दाराशी उभे, हात गळ्यात बांधलेला. आबांनी मला विचारलं, "सेक्रेटरी, तू गाडीत हुतास. गाडी जोरात हुती का?"

टायर कुणी आणले ते सगळ्यांना माहीत होतं. गाडी हळू होती म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न टायरचा आला असता. मी म्हणालो, "थोडी जोरात होती."

"म्या म्हनलंच हुतं," मागून कुणीतरी बोललं. कॅनला हात लावू न देणाऱ्यांपैकीच एक.

मेजरांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग वाकून, डाव्या हातानं चपला ओढून पायात घातल्या आणि निघून गेले. ते बौद्धवाडीच्या वळणाआड होईपर्यंत मी खिडकीतून बघत होतो. त्यांची नोकरी गेली. आणि फौजेत इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस गावाच्या लेखी बेफाम ड्रायव्हर ठरला.

भोरकडचा एक नवा ड्रायव्हर ठेवला. महिन्यात तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा गाडी रस्त्याच्या कडेला लावून एसटीनं आला आणि किल्ली आबांच्या पुढ्यात ठेवली. "तुमच्या गाडीनं पायात खडावा घातल्यात. मला लेकरंबाळं हायत."

तेव्हा मी आबांना म्हणालो, की सेमी-लग घालून बघू. चिखलाला साखळी बांधता येते, डांबराला काही बांधता येत नाही. मेजरांचे शब्द, जसेच्या तसे. आबा दुकानातलं बोलणं विसरले होते. "तुजं डोकं चालतं बरं का," ते म्हणाले. 

रानातून कोळसा आणणारा एक ठेकेदार होता. त्याची जीप दिवसभर जंगलातच. आमचे लग टायर त्यानं आनंदानं घेतले आणि ते त्याच्याकडं उत्तम चालले. टायर वाईट नव्हतेच.

दुसरा ड्रायव्हर मिळेना, तेव्हा आबांना विचारून मी मेजरांच्या घरी गेलो. मनगट बरं झालं होतं. त्यांच्या बायकोनं चहा दिला. मी म्हणालो, "मेजर, परत या."

"टायर कुठलं?"

"तुम्ही सांगितलेले."

त्यांनी चहा संपवला. "सेक्रेटरी, त्या दिशी काटा कितीवर हुता?"

"पंचवीसवर."

"बास. एवढंच इचारायचं हुतं. उद्या येतो."

सभेत जाऊन हे सांगा असं ते म्हणाले नाहीत. मीही सांगितलं नाही. हे ओझं इतकी वर्षं माझ्यावर आहे.

पुढची सहा वर्षं मात्र काय वर्णावीत. कच्च्या वाटेच्या तोंडाशी मेजर उतरायचे, मागच्या दोन चाकांना साखळ्या गुंडाळायचे, चिखल पार झाला की सोडून, धुऊन हौद्यात टाकायचे. बिडी ओढून होईपर्यंत काम उरकलेलं. एकदा त्याच उतारावर पुढचा टेम्पो आडवा झाला आणि आमची पिकप त्याच्यापासून हातभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. हौद्यातला एक कॅनसुद्धा कलला नाही. त्या टेम्पोवाल्याला बाहेर काढून मेजर साडेआठच्या आत नसरापूरला होते. पुढं कॅन चढवणारा माणूस आजारी पडला, तेव्हा मेजरांनी स्वतःच कॅन उचलून हौद्यात ठेवले. कुणी हूं की चूं केलं नाही. मग तो दुसरा माणूस ठेवलाच नाही.

आमचं बघून आंबवडे, भाटघर, वरव्याकडून माणसं टायर बघायला यायची. त्यांना माझ्याकडं पाठवलं जायचं आणि मी चिखल-डांबराचा हिशेब समजावून सांगायचो. मेजर जवळच काच पुसत असायचे. एकदा एका पाहुण्यानं त्यांनाच विचारलं, "तुमचं काय मत हाय, मेजर?"

"आमचं कसलं मत? टायर सेक्रेटरीनी निवडल्यात. गोल हायत म्हनून मी चालवतो."

पाहुणे हसले. मीही हसलो. मेजर काच पुसत राहिले.

ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. आबाही गेले. यंदाच्या वार्षिक सभेत पशुखाद्याच्या विषयाआधी मी हात वर केला. उठायला वेळ लागला. मी सांगितलं, की गाडी कलंडली त्या दिवशी ती हळू होती. मेजरांनी सांगितलेले टायर डावलून मी दुसरे घेतले होते, म्हणून ती कलंडली. आणि पुढं जे टायर नावाजले गेले ते त्यांनी निवडलेले होते.

निम्म्या लोकांना मी काय बोलतोय ते कळेना. एक जण म्हणाला, "आजोबा, आता त्याचं काय करायचं?"

"लिहून घ्या," मी म्हणालो.

सध्याची सेक्रेटरी तरुण मुलगी आहे. तिनं पेन उचललं. "नाव काय लिहू त्यांचं?" मी त्यांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासह, पूर्ण. मेजर सोडून त्यांचं दुसरं नाव त्या सभेत क्वचित कुणी ऐकलं असेल. तिनं लिहिलं आणि ती पान उलटणार होती.

मागच्या रांगेत मेजरांचा मुलगा बसला होता. त्याच्या स्वतःच्या आता तीन पिकप आहेत. तो जागेवरूनच म्हणाला, "ताई, काय लिवलंय ते वाचून दावा. जरा मोठ्यानं."

तिनं उभं राहून वाचलं.