शेडबाहेरचा दिवा

शैलाआत्या गेली ती भर दुपारी, घरी, तिच्या सुट्टीच्या दिवशी. मी ऑफिसात होते. शेजारच्या काकूंचा फोन आला. ‘तू आधी खाली बस, मग सांगते,’ असं त्या म्हणाल्या आणि मला तेवढ्यावरच कळलं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी भेटायला येणारं कुणी ना कुणी हळूच विचारतंच, ‘सगळं आयुष्य केमिकलमध्ये गेलं ना त्यांचं… त्यानेच असेल का?’ मला माहीत नाही. आधी मी तसं सांगायचे, आता नुसती मान हलवते. आत्या असती तर म्हणाली असती, ‘उगाच बिचाऱ्या ॲसिटोनवर ढकलू नका. त्याचे गुन्हे वेगळे आहेत.’

ती निघोज्याजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. तिथे मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग रंगवतात आणि रंग फवारायच्या गन ॲसिटोनने धुतात. कॉलेजसाठी मी साताऱ्याहून तिच्याकडे, पिंपळे गुरवला राहायला आले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून नेलपॉलिश काढत होते. ओट्यावर दूध तापत होतं. आत्या आत आली, तिने गॅस बंद केला, माझ्या हातातली रिमूव्हरची बाटली, म्हणजे ॲसिटोनच, घेऊन तिचं झाकण लावलं आणि मग म्हणाली, ‘चल गॅलरीत.’ मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिने माझ्या तळहातावर बाटलीतला एक थेंब टाकला. ‘गार लागलं? म्हणजे उडालं. कुठे गेलं सांग.’ मी वर पाहिलं. ‘सगळे वरच बघतात,’ ती म्हणाली. ‘ते खाली जातं, मनू. त्याची वाफ हवेहून जड. जमिनीला धरून सरकत जाते, दिसत नाही. लांब कुठेतरी तिला ज्योत भेटली, की आग त्याच वाटेने मागे येते.’ माझी बाटली एवढीशी होती. तिच्या शेडमध्ये पिंपं होती.

त्या पिंपांपायी ती दिवसभर लोकांच्या मागे लागलेली असायची. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यातच टाका. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना दोन्हींना अर्थिंगची तार जोडा, नुसत्या ओतण्यानेही ठिणगी पडू शकते. रंगाचे हात ॲसिटोनने धुऊ नका, कातडी फुटते. लोक हो म्हणायचे आणि ती वळली की हात धुवायचे. तिचं खऱ्या अर्थाने ऐकायचे ते बाळूभाऊ. निघोज्याच्याच जुन्या घरातले, रंगखात्यात सगळ्यांत जुने. आत्याने लग्न केलं नव्हतं आणि माझे बाबा भाऊबीजेला दर वर्षी साताऱ्याहून येऊ शकत नसत. बाळूभाऊ मात्र यायचे, वहिनींना घेऊन, शेतातल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. कंपनीत ‘मॅडम’ म्हणायचे आणि आमच्या घराचा उंबरा ओलांडला की ‘ताई’.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांनाही बोलावतात. त्या वर्षी मीही गेले होते. झेंडूच्या माळा, ढीगभर पेढे, नवे शर्ट घातलेले लोक. रंगाच्या शेडमध्ये, गन धुवायच्या जागेपासून थोडं अलीकडे, बाळूभाऊंनी पाट मांडला होता आणि समईत वात घातली होती. काडेपेटी त्यांच्या हातात होती. आधीची कैक वर्षं पूजा फाटकाजवळच्या मोठ्या यंत्राची व्हायची. रंगखात्याने आपली वेगळी पूजा मांडली ती त्याच वर्षी. आत्या दारातूनच म्हणाली, ‘भाऊ, काडी ओढू नका.’

‘वरसाचा सण हाय, मॅडम. काम बंद हाय, पिंपं झाकल्यात.’

‘सकाळी गन धुतल्यात इथे. वास अजून आहे.’

‘मग देवापुढं काय ट्यूबलाइट लावू?’ लोक हसले. मॅनेजरही हसले आणि म्हणाले, ‘दोन मिनिटांचं काम आहे, होऊन जाऊ द्या ना, मॅडम.’

‘दिवा लावायचाच,’ आत्या म्हणाली, ‘पण बाहेर, मोकळ्यावर. आत फुलं वाहा, हळदकुंकू वाहा. मी स्वतः पाट उचलते.’ आणि तिने खरंच पाट उचलला. तिथे ती चुकली असं मला आजही वाटतं. मांडलेला पाट दुसऱ्याने उचलायचा नसतो… बाळूभाऊंनी काडेपेटी खिशात टाकली आणि ते बायकोला म्हणाले, ‘चल गं.’ पूजा बाहेर अंगणात झाली, पण ती दुसऱ्या कुणीतरी केली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आत्याने सकाळीच ताट तयार ठेवलं. सुपारी, अक्षता, निरांजन. ‘येतील गं, रागावले असले तरी सणाला येतात,’ असं ती दुपारपर्यंत म्हणत होती. पुढे म्हणाली नाही. संध्याकाळी तिने निरांजन लावलं आणि तशीच समोर बसून राहिली, तूप संपेपर्यंत. थोड्या दिवसांनी कारखान्यात प्रेसमध्ये एकाचं बोट चिरडलं, तेव्हा कँटीनमध्ये कुणी म्हणालं, दिवा लावू दिला नाही, म्हणून यंत्राने बोट घेतलं. हे तिने मला भेंडी चिरताना सांगितलं. ‘त्यांचं दुःख खरं आहे गं, कारण खोटं आहे,’ म्हणाली. मग बराच वेळ चिरतच राहिली. ‘कंटाळा येतो मनू कधीकधी. आग लागली नाही, हे कुणाला दाखवणार? न लागलेली आग दिसत नाही.’ पुढच्या वर्षांत पूजा बाहेरच होत राहिली. बाळूभाऊ तिच्याशी कामापुरतं बोलत राहिले. भाऊबीजेला आले नाहीत ते नाहीतच.

आत्या गेल्यानंतर पहिल्यांदाच, परवा संध्याकाळी ते आले. मी एकटीच होते. वहिनींना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून खाली रिक्षात बसल्या होत्या. बाळूभाऊ खूप खंगलेत. पाणी प्यायले आणि पेला पायाशी ठेवला.

‘मला आजबी पटलेलं न्हाई,’ ते एकदम म्हणाले. ‘दोन मिन्टांत काय व्हनार हुतं?’

वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती, आणि तो वाद माझा नव्हता.

‘तरी औंदा खंडेनवमीला बी भाईरच लावला दिवा. पोरं म्हनली, आता मॅडम न्हाईत, कोन बघाया येतंय, आत लावू. म्या न्हाई म्हनलं. का म्हनलं, ते नका इचारू…’ मग त्यांनी विचारलं, ‘ताईंची खोली कंची?’

मी दाखवली. खोलीत अंधार होता, तिचा पलंग, खुर्चीवर घडी घातलेली शाल, सगळं तसंच आहे. बाळूभाऊंनी चपराशासारखं आदबीने दार लोटलं, दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि तो हात मध्येच थांबला. मान थोडी पुढे करून, डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला. आत्या आयुष्यभर प्रत्येक बंद खोलीच्या दारात हेच करायची, हॉटेलात, नातेवाइकांकडे, आमच्या साताऱ्याच्या घरी. आधी वास घ्यायचा, मग बटण दाबायचं. बटणातही ठिणगी असते. आम्ही हसायचो तिला.

‘काय न्हाई,’ बाळूभाऊ स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी दिवा लावला.